इब्राहिमचाचा आणि तिसरा परिच्छेद

तुम्ही कधी कोऱ्या कागदावर सही केली आहे का?

लगेच नाही म्हणू नका. आठवून बघा. सोसायटीच्या टेबलावर, तलाठ्याच्या दारात, हवालदाराने सायकलच्या सीटवर कागद धरून ‘इथं करा’ म्हटल्यावर. वर काय लिहिलंय ते न वाचता, किंवा वर अजून काही लिहिलेलंच नसताना. आपल्या जिल्ह्यात हे इतकं रोजचं आहे की त्याला कुणी चूक म्हणत नाही. उलट जो वाचायला मागतो त्यालाच विचारतात, ‘काय हो, विश्वास नाही काय?’

सध्या एक निवेदन गावोगाव फिरतं आहे. भागवत गुरुजींच्या खुनाच्या खटल्यात आरोपी सुटला, त्यावर सरकारने अपील करावं म्हणून. त्यावर तुमची सही झाली असेल किंवा व्हायची असेल. त्याबद्दल मला तुमच्याकडे काही मागायचं आहे, पण ते शेवटी. आधी ज्यांच्याशी बोलायचं राहून गेलं त्यांच्याशी बोलतो.

इब्राहिमचाचा, तुम्हाला मातीत ठेवलं त्याला आज नववा दिवस.

घोडेगावच्या बाजारतळावर तुम्ही ज्याच्याखाली काम करायचात त्या लिंबाला अजून माझं पत्रक चिकटलेलं आहे. खळ चांगली होती, निघत नाही. वरची ओळ शाबूत आहे: ‘फितूर पंचाला जाब विचारा’. खाली तुमचं नाव, गावासकट. लिहिणाऱ्याचं नाव नाही. मी पत्रकांवर नाव घालत नसे, चळवळीत नाव मोठं करू नये म्हणून. त्या दिवशी ते तत्त्व माझ्या फार सोयीचं पडलं.

ते पत्रक मी लिहिलं. त्यात लिहिलेलं खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे लिहिताना मला ठाऊक होतं. ही तीन वाक्यं तुम्ही असताना बाजारात उभं राहून म्हणायला हवी होती. आता लिहितो आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून कुणाकडून तरी वाचून घ्याल अशी सवयीने कल्पना करतो आणि मग आठवतं.

मी पत्रकांवरच वाढलो हे तुम्हाला माहीत होतं. वडील सभांना जायचे आणि खिशात घडी केलेली पत्रकं घेऊन यायचे. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे मला लहानपणापासून वाटायचं की छापलेलं ते खरं, आणि मोठ्या टाइपात छापलेलं ते जास्त खरं. तुम्ही मला पहिल्यांदा पत्रकं वाटताना पाहिलंत तेव्हा एक उलटसुलट करून विचारलंत, “ह्यात शिव्या किती हायेत?” मी म्हटलं, शिव्या नाहीत, मागण्या आहेत. “मग कोन वाचनार?” म्हणालात आणि त्यावर खिळे ठेवायला घेतलंत.

तेव्हापासून दर शुक्रवारच्या बाजाराला तीच हाक. तोंडात पाच-सहा खिळे धरलेले, त्यामुळे निम्मे शब्द दातातून यायचे. “काय पत्रकवाले, आज कुनाचं सरकार पाडलं?”

“आज कुणाचंच नाही, चाचा.”

“मग ये, दोर धर. बैल तरी पाडू.”

बैलाच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायचं तुमचं काम मी कितीदा पाहिलं. पायांत दोर टाकून एका झटक्यात अंगावर येणारा बैल आडवा करायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, मग मांडीवर खूर घेऊन तासायला बसायचं. मालक घाईने सांगायचा, “चाचा, डाव्या पुढच्याची बाहेरची पत्री गेलीय, तेवढीच मारा.” तुमचं उत्तर ठरलेलं. “दाखव.” मालक म्हणायचा, अहो मी सांगतोय की. तुम्ही पुन्हा, “दाखव.” स्वतः खूर उलटा करून, बोटाने दाबून, चिखल खरवडून बघितल्याशिवाय तुम्ही खिळा लावला नाही. खिळा जरा जास्त आत गेला तर जिवंत मांसाला लागतो आणि बैल जन्माचा लंगडा होतो. हे तुम्ही मला समजावलं होतंत. मला ते बैलांपुरतंच कळलं.

भागवत गुरुजीही त्याच लिंबाखाली बसायचे. शाळा सुटली की सायकल टेकवून. दुष्काळाचं दुसरं वर्ष. वस्तीला प्यायला पाणी एकाच विहिरीचं, ओढ्याकाठच्या. आणि त्याच विहिरीवर बंगल्याचं इंजिन चालायचं, उसासाठी. बंगलेवाले म्हटलं की आमच्या भागात नाव सांगावं लागत नाही. गुरुजींनी अर्ज केले, बायकांना हंडे घेऊन विहिरीवर बसवलं, आणि एका सकाळी इंजिनाचा पट्टा काढून तहसील कचेरीत नेऊन ठेवला. पुढच्याच आठवड्यात ते त्या विहिरीच्या काठावर सापडले. मानेवर कुऱ्हाडीचा घाव.

बंगल्यातल्या थोरल्याला अटक झाली आणि जिल्हा पेटला. शाळा बंद, बाजार बंद. पुण्या-मुंबईचे वार्ताहर आले आणि ज्या गावाला पाण्याचा टँकर सापडत नव्हता ते गाव पेपरात पहिल्या पानावर गेलं. मी त्या दिवसांत झोपलो नसेन. चार पत्रकं काढली. तुम्ही म्हणालात, “गुरुजी असता तर म्हनला असता, जरा शुद्ध लिही.” आणि मग तोंड फिरवून बराच वेळ एकच खूर तासत बसलात.

आता तो शुक्रवार. तो मला सगळ्यांसमोर सांगायचा आहे, कारण कोर्टात तुम्ही तो अर्धाच सांगितलात.

दुपारचे बारा-साडेबारा. किसनदादांचा कोशा रंगाचा बैल तुम्ही नुकताच पाडला होता. पाय बांधलेले, दोन पत्र्या मारून झालेल्या, सहा बाकी. किसनदादा शिंगं धरून बसलेले, मी दोराचं टोक धरून. हवालदार आला. म्हणाला, थोरला कुऱ्हाड काढून देतोय, मळ्यातल्या कडब्याच्या गंजीतून, पंच पाहिजेत, चला. पोलिसांना पंच लागला की ते तुमच्याकडेच यायचे. सडकेच्या कडेला बसलेले, सगळ्यांना ओळखीचे, कुणाशी वैर नसलेले. बाजारातल्या भांडणापासून चोरीच्या सायकलीपर्यंत तेवढ्यापुरत्या शिकलेल्या तुमच्या उर्दू सहीचे किती कागद असतील!

तुम्ही तोंडातले खिळे काढून म्हणालात, “साहेब, बैल पाडलाय. असा सोडला तर पोट फुगून मरंल. तासभर थांबा.”

“तासभर? जीप उभी आहे. बरं, असं करा. सही करून ठेवा. आम्ही जाऊन येतो, मजकूर मग लिहितो.”

त्याने कागद काढला. वर फक्त ‘पंचनामा’ हा एक शब्द. बाकी कोरा. मी जवळून पाहिला. तुम्ही हात पुढे केला नाहीत. कागदाकडे बघितलंत आणि मग माझ्याकडे. तुमच्या ओळखीत लिहिता-वाचता येणारा मी. तुमचं ते बघणं म्हणजे विचारणं होतं.

आणि मी म्हणालो, “करा चाचा. गुरुजींचं काम आहे.”

एवढंच. तुम्ही धोतराला हात पुसलात आणि सही केलीत. हवालदार गेला. तुम्ही खिळे परत तोंडात धरलेत, पण त्यानंतरच्या सहा पत्र्या मारेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. किसनदादाच म्हणाले, “काय झालं चाचा, खिळा गिळला का काय?”

खटला उभा राहिला तेव्हा दुसरा पंच, बंगल्याचाच सालगडी, आपल्याला काहीच आठवत नाही म्हणून मोकळा झाला. डोळ्यांनी पाहणारं कुणी नव्हतं. सगळा भार त्या कुऱ्हाडीवर, आणि कुऱ्हाडीचा भार तुमच्या सहीवर आला. साक्षीच्या आधी चार दिवस मी तुमच्या घरी आलो. तुम्ही अंगणात दोर वळत होता. चाचींनी चहा दिला.

मी म्हटलं, “चाचा, एकच वाक्य आहे. मी मळ्यात गेलो होतो, माझ्यासमोर त्याने कुऱ्हाड काढून दिली.”

“पन मी गेलो न्हवतो.”

“कुऱ्हाड तिथंच सापडली ना? खोटं काय आहे त्यात?”

“सापडली आसंल. मी बगितली न्हाई.”

“तुम्हाला काय वाटतं, कुणी मारलं गुरुजींना?”

तुम्ही दोर खाली ठेवलात. “त्यानंच. मला तसंच वाटतं. पन वाटलेलं सांगायला बोलावलंय का बगितलेलं?”

मी ओरडलो. एका शब्दासाठी तुम्ही खुनी सोडणार, गुरुजी तुमच्या झाडाखाली बसत होते, त्यांच्या मुलांना काय सांगणार. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, “बेटा, आज त्याच्यासाठी कोरा कागद चालला. उद्या तुझ्यासाठी चालंल. तू रोज पोलिसाला शिव्या लिवतोस. तुझ्यावर कागद आला तर पंच कोन म्हनून बोलवतील? मलाच की.”

मी उठलो. दारात तुम्ही हाक मारलीत. मला वाटलं मन बदललं. तुम्ही हळूच म्हणालात, “तुजं नाव मी घेनार न्हाई. तू निर्धास्त रहा.”

खरं सांगतो चाचा, मी त्या वेळी माझ्या नावाचा विचारच केला नव्हता. तुम्ही म्हणालात आणि मग माझ्या लक्षात आलं की भ्यायला हवं. तिथून घरी जाईपर्यंत मी भ्यालेला होतो.

नगरच्या कोर्टात तुम्ही धुतलेला पटका बांधून उभे राहिलात. मी तिसऱ्या बाकावर. बंगल्याने पुण्याहून आणलेला वकील अगदी गोड बोलत होता.

“त्या दिवशी शुक्रवार होता?”

“व्हय.”

“म्हणजे घोडेगावचा बाजार. बाजारच्या दुपारी तुम्ही काय करता?”

“बैलास्नी पत्र्या मारतो.”

“मग मळ्यात कधी गेलात?”

सरकारी वकिलाने मान खाली घातली होती, कागद चाळायच्या निमित्ताने. तुम्ही कठड्याला धरलंत. “न्हाई गेलो.”

कोर्टात एकदम कुजबुज. “सही कुठं केली?”

“लिंबाखाली.”

“तेव्हा कागदावर काय लिहिलं होतं?”

“वर एक शबुद. खाली काय न्हवतं.”

न्यायाधीशांनी स्वतः पुन्हा विचारलं. तुम्ही त्यांच्याकडे वळून म्हणालात, “साहेब, मी खूर बगितल्याबिगर खिळा मारत न्हाई. इतकी वर्सं झाली. त्या दिशी मारला.”

वकील थांबायला तयार नव्हता. “कुणाच्या सांगण्यावरून केली सही?”

माझ्या हातातली वही ओली झाली होती. तुमची नजर पहिल्या बाकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आली, माझ्या डोक्यावरून वर गेली आणि पंख्यावर थांबली.

“हवालदार म्हनला करा. मी केली. हात माझाच हुता.”

“आणखी कोण होतं तिथं?”

“बैल हुता, साहेब.”

कोर्ट हसलं. वकीलही हसला आणि बसला. मीही हसलो चाचा, सगळ्यांबरोबर. ते हसणं मला विसरता येत नाही. तुम्ही शपथ घेऊन खोटं बोलला नाहीत, बैल होताच. पण त्या कठड्यात एवढं मोठं सत्य बोलणाऱ्या माणसाने एकच गोष्ट झाकली आणि ती मी होतो.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. ‘निर्दोष मुक्तता’ हे शब्द दारातून बाहेर आले आणि क्षणभर कुणाला कळलेच नाहीत. मग एका बाईने, गुरुजींच्या वस्तीवरच्या, डोक्यावरचा पदर सोडून मोठ्याने रडायला सुरुवात केली आणि सगळं आवार उठलं. घोषणा, दगड, लाठ्या. कापडबाजाराची फळ्या लावण्याची घाई. थोरल्याला मागच्या दाराने गाडीत घातलं. आम्ही ट्रक भरभरून घोडेगावला परतलो. घसे बसले होते तरी ओरडत होतो.

बंगल्यासमोर आलो. आत गुलाल उडत होता, भिंतीवरून लाल धूळ दिसत होती. फाटकाशी पोलीस, फाटकाच्या आत दोघे बंदूकवाले. आम्ही चार-पाचशे तरी होतो. घोषणा दिल्या. मग पुढची रांग थांबली. कुणी पुढे होईना. राग तर होता, तो कुठेतरी टाकायला हवा होता. मागून कुणीतरी म्हणालं, “इथं काय उभं ऱ्हायचं? त्या इब्राह्याकडं चला! त्यानं विकलं गुरुजीला!”

आणि सगळे वळले. मीही वळलो. फाटकापुढे जे पाय जड झाले होते ते बाजारतळाकडे पळत निघाले.

तुम्ही घरी होता. लिंबाखाली फक्त तुमची पेटी आणि दोर. पेटी उलटी केली, खिळे मातीत गेले. दोराचे तुकडे केले. मग तुमच्या घराची भिंत, डांबर, तो एक शब्द, ‘फितूर’. गर्दीतून कुणीतरी तुमच्या धर्मावरून काही बोललं. मी ते लिहीत नाही. पण मी ते ऐकलं आणि त्याला गप्प केलं नाही. सगळी माणसं एक आहेत असं छापणाऱ्या माणसाने नेमकी तेव्हाच मान दुसरीकडे वळवली.

त्या गर्दीत किसनदादा माझ्याशेजारी आले. घाबरलेले. कानाशी म्हणाले, “पत्रकवाले, आपनबी हुतो की रं तिथं. तूच म्हनला हुतास, करा.”

“गप्प बसा, दादा,” मी म्हणालो. आणि सगळ्यांत मोठ्याने मी घोषणा दिली, तुमच्या नावाची.

दुसऱ्या दिवशी पत्रक लिहिलं. ते कुणी मागितलं नव्हतं. मला ते लिहायलाच हवं होतं, कारण तुम्ही फितूर ठरलात तर तो कोरा कागद तुमचा एकट्याचा ठरत होता. ‘बंगल्याच्या तुकड्यांवर इमान विकलं’ असं वाक्य टाकलं. तुमच्या घरी बंगल्याचं काय आलं होतं? अंगणात तोच फुटका रांजण होता. तरी मी लिहिलं आणि छापखान्यात म्हटलं, हे वाक्य मोठ्या टाइपात घ्या.

त्यानंतर तुमच्याकडे कुणी बैल आणला नाही. दुष्काळात बैल होतेच किती, पण होते तेही सोनईला नेऊन पत्र्या मारून आणू लागले. तुम्ही पेटी डोक्यावर घेऊन कोल्हारला गेलात, ऊसगाड्यांच्या तळावर. तिथे तुम्हाला कुणी नावाने ओळखत नव्हतं.

मी तुम्हाला तिथे पाहिलं होतं. हे चाचींनाही सांगितलं नाही. कोपरगावला सभेला चाललो होतो, एस.टी. कोल्हारला दहा मिनिटं थांबते. खिडकीतून दिसलात. सडकेच्या उतारावर, मांडीवर खूर, गाडीवान काहीतरी घाईने सांगतोय. तुमचा आवाज येत नव्हता, पण ओठ हलले ते मी ओळखले. ‘दाखव.’ मी दार धरून एक पायरी उतरलो. मग परत वर चढून पेपर तोंडापुढे धरून बसलो. दहा मिनिटांत माणूस केवढं बोलू शकतो! मी त्या दहा मिनिटांत एक जाहिरात चारदा वाचली.

दीड महिन्यात तुमचा निरोपच आला. खूर मांडीवर असताना छातीत कळ आली म्हणे, गाडीवानाने पाणी पाजेपर्यंत संपलं होतं. ज्या गाडीवानांना तुमचं नाव नव्हे, फक्त गाव माहीत होतं त्यांनीच ट्रक थांबवून तुम्हाला घोडेगावला पोचवलं. कब्रस्तानात त्या दिवशीच्या आमच्या गर्दीतले तीनच लोक. किसनदादांनी खांदा दिला. सगळे तीन तीन मुठी माती टाकत होते. मी भिंतीपाशी उभा होतो. किसनदादांनी मागे वळून बघितलं, बोलावलं नाही. माझ्या मुठीत माती होती, तशीच घेऊन घरी आलो.

चौथ्या दिवशी चाचींकडे गेलो. भिंतीवरचा शब्द त्यांनी शेणाने सारवला होता, तरी डांबर खालून उमटत होतं. त्यांनी मला बसायला पोतं दिलं. मी बोलायला सुरुवात केली तर म्हणाल्या, “मला ठावं हाय. समदं ठावं हाय.” आत जाऊन घडी केलेलं पत्रक आणलं. तुमच्या खिशातलं.

“कंडक्टरकडनं वाचून घेतलं हुतं त्यांनी. दोनदा.”

“काय म्हणाले?”

“म्हनले, हात चांगला हाय पोराचा. खूर न बगता खिळा मारलाय, एवढंच.” त्यांनी पत्रकाची घडी पुन्हा घातली. “मी लई भांडले. म्हनलं, सांगा की लोकास्नी, त्यानंच सांगितली सही कराया. तर म्हनले, गुरुजी गेला. मी कामातनं गेलो. आता ह्यालाबी घालवू? मग गावात लिवनारं कोन ऱ्हाईल?”

मग माझ्याकडे सरळ बघून विचारलं, “ऱ्हाईलंय का कोनी?”

चाचा, त्या प्रश्नाला मी तिथे उत्तर दिलं नाही. हे लिहिणं तेच उत्तर आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या कबरीपाशीही मी मान्य करणार नाही. तुमच्या-माझ्यातला वाद अजून मिटलेला नाही. थोरला सुटला, विहिरीवर इंजिन पुन्हा सुरू आहे, आणि गुरुजींची धाकटी मुलगी शाळेत ज्या बाकावर बसते तिथून ते ऐकू येतं. तुमच्या खरं बोलण्याची ही किंमत दिली गेली. ते इंजिन ऐकलं की माझ्या मनात येतं, बोलायला हवं होतं ते एक वाक्य. आणि लगेच दिसतं, की ते वाक्य बोलायची वेळ कुणी आणली. तासभर थांबायला तयार नसलेला हवालदार, आणि दोराचं टोक धरून बसलेला मी. आम्ही दोघं थांबलो असतो, तुमचा बैल उठेपर्यंत, तर तुम्ही मळ्यात गेला असता, डोळ्यांनी बघितलं असतं, आणि जगातला कुठलाही वकील तुम्हाला हलवू शकला नसता. खुनी सुटला असेल तर तो त्या एका तासात सुटला. तुमच्या साक्षीत नाही. एवढं मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

तुम्ही माझ्यावर रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही मला सांभाळलंत. त्याबद्दल आभार कसे मानायचे हे कुठल्याच पत्रकात मी शिकलो नाही.

आता वाचकहो, तुमच्याकडे येतो.

ते निवेदन. अपील व्हायलाच हवं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यात तिसरा परिच्छेद आहे. ‘पंच इब्राहिम याने आरोपीकडून फितूर होऊन साक्ष फिरवली.’ तो मजकूरही माझाच आहे. समितीकडे मी गेलो, म्हटलं, हे काढा, खोटं आहे. ते म्हणाले, सह्या झाल्यात, आता मजकूर कसा बदलणार? एक जण म्हणाला, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? म्हणजे कागद बदलायचा नाही आणि लोकांनी वाचायचाही नाही. वर एक शब्द ‘निवेदन’, बाकी तुमच्या दृष्टीने कोराच.

त्या लिंबाखाली मी आणि किसनदादा येत्या शुक्रवारी सकाळपासून बसणार आहोत. त्या दिवशी काय घडलं ते कुणीही येऊन विचारावं, पोलिसांनीही. जो जबाब तेव्हा द्यायचा राहिला तो मी देईन आणि त्याचं जे होईल ते होवो.

तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे. निवेदन तुमच्या चहाच्या दुकानात, कारखान्याच्या फाटकावर, स्टँडवर येईल. घेऊन येणारा घाईत असेल. ‘इथं करा’ म्हणेल. तुम्ही म्हणा, “दाखव.” कागद हातात घ्या, शेवटपर्यंत वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, आणि तिसऱ्या परिच्छेदावर पेनाने आडवी रेघ मारा. मग सही करा. ज्यांनी आधीच केली आहे त्यांनी परत जाऊन रेघ मारावी.

आणि कुणी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून खोडलंत, तर माझं नाव सांगा. ते या लेखाखाली छापलं आहे, मोठ्या टाइपात घ्या असं मी छापखान्यात सांगितलं आहे.